वरच्या मांजरेचा हिशोब

कळंब शहर मांजरा धरणाचे पाणी पिते; त्या धरणाची भिंत मात्र कळंब तालुक्यात नाही, धाराशिव जिल्ह्यातही नाही. ती नदीपलीकडे, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला आहे. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर उगम पावते, बीड, केज, वाशी, कळंब या तालुक्यांचे ओढे पोटात घेत पूर्वेला येते आणि जिथे ती दोन जिल्ह्यांची हद्द म्हणून वाहते, तिथेच तिला अडवले आहे. लातूर, अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब या गावांचे नळ आणि धरणाखालचा ऊस हे सगळे एकाच साठ्यावर अवलंबून आहेत. हा साठा एकूण २२४ दलघमीचा (दशलक्ष घनमीटर), त्यातला उपयुक्त १७७ दलघमीच्या आसपास. २०१६च्या उन्हाळ्यात तो जोत्याखाली गेला आणि १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर आलेल्या रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी उतरले. पहिल्या फेरीला पाच लाख लिटर. पाचच वर्षांनी, २०२१च्या सप्टेंबरअखेर, ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या पावसात याच धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले आणि खालची शिवारे पाण्यात गेली. दोन्ही वेळा बातमी धरणाची झाली. धरणाच्या वर, जिथून हे पाणी येते किंवा येत नाही, त्या डोंगरउतारांवर आणि ओढ्यांत काय घडत होते याची बातमी झाली नाही. ती देण्याजोगी आकडेवारीच फारशी कुणाकडे नव्हती.

हे पुस्तक त्या वरच्या भागाबद्दल आहे. कळंब तालुका मध्यभागी धरून वरच्या मांजरेच्या आणि तिला लागून असलेल्या तेरणेच्या पाणलोटांचे नकाशे कसे करायचे, त्यांवर लक्ष कसे ठेवायचे आणि त्या माहितीचे पुढे करायचे काय, हा त्याचा विषय. नव्या वाचकाला विषय तांत्रिक वाटेल. तंत्र त्यात आहेच, पण मुख्य मुद्दा हिशोबाचा आहे. मराठवाड्यात गेल्या पन्नास वर्षांत पाणी अडवण्याच्या कामांना तोटा नव्हता. प्रत्येक बांधाचे, प्रत्येक चराचे इस्टिमेट झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघाले. कामाची मोजमाप पुस्तिका असते. त्या कामामुळे अडलेल्या, मुरलेल्या आणि नंतर उपसलेल्या पाण्याची अशी पुस्तिका कुठेही नसते. या एका उणिवेमुळे आपला सारा पाणलोट विकास दर दुष्काळात पुन्हा पहिल्या पानावर येतो, असे माझे मत आहे आणि ही प्रस्तावना ते मत तपासून पाहण्यासाठी आहे.

आधी जमीन पाहू. धाराशिव जिल्ह्याच्या नकाशावर नजर टाकली तर बालाघाटाची धार वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली दिसते. येरमाळ्याच्या परिसरात ती धार चांगली कळते. धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस बार्शीच्या बाजूला उतरतो, सीनेला, भीमेला आणि शेवटी कृष्णेला मिळतो. पूर्वेला पडलेला मांजरेत किंवा तेरखेड्याजवळ उगम पावणाऱ्या तेरणेत जातो. तेरणा पुढे लातूर जिल्ह्यात मांजरेला मिळते आणि मांजरा एकूण ७२४ किलोमीटरचा प्रवास करून तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला. दोन्हीकडचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरातच जाते, पण वाटेत त्याचे लवाद दोन, वाटपाचे निवाडे दोन आणि मंत्रालयातल्या फायलीही दोन. एकाच शिवारातले दोन शेजारी कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या खोऱ्यांचे रहिवासी असू शकतात. महसुली हद्दींना याचे सोयरसुतक नाही. गावाची शीव, तालुक्याची हद्द, जिल्ह्याची हद्द या सगळ्या सारावसुलीच्या सोयीने पडलेल्या. अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८९० मध्ये पश्चिमेकडच्या कोरड्या प्रदेशाचा नकाशा नदीखोऱ्यांप्रमाणे विभागून मांडला आणि कारभाराचे घटकही तसेच असावेत असे सुचवले. तिथल्या राजकारण्यांनी ते मानले नाही. आपल्याकडेही कुणी मानण्याची शक्यता नाही, आणि तशी मागणी हे पुस्तक करत नाही. हद्दी राहोत, पण हद्दीच्या दोन्ही बाजूंचा हिशोब एका कागदावर यावा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

या कागदाची सुरुवात पूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवरून होई. समोच्च रेषांच्या वळणांवरून माथ्याची रेघ हाताने आखायची, ओढ्यांना क्रम द्यायचे, क्षेत्रफळ काढायचे. आज उपग्रहांनी टिपलेल्या उंचीच्या आकडेवारीवरून संगणक तीच रेघ काही मिनिटांत काढतो. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने १९८८ पासून या कामाचा पाया राज्यात घातला, आणि गावनकाशे संगणकावर बसवून गट क्रमांकानिशी पाणलोट पाहण्याची सोय झाली. तरी उताराच्या सपाट भागात, विशेषतः मांजरेकाठच्या काळ्या रानात, संगणकाची रेघ चुकते. तीस मीटरचा एक चौकोन हा त्याचा सर्वांत लहान घास. रस्त्याचा भराव, कालव्याचा काठ, मोरी बुजल्यामुळे दुसऱ्याच्या रानात शिरणारे पाणी त्याला दिसत नाही. ते बांधावर राहणाऱ्या माणसाला दिसते. म्हणून नकाशा कार्यालयात तयार होतो, पण पुरा होतो तो शिवारात. आता हे साऱ्यांना तोंडदेखले तरी मान्य आहे. आचरणात फार कमी ठिकाणी आले आहे.

या मान्यतेपर्यंत यायला बराच काळ गेला. अवर्षणप्रवण भागातल्या मातीचा आणि ओलाव्याचा शास्त्रीय अभ्यास १९३३ पासून सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात कृषिशास्त्रज्ञ कानिटकरांनी चालवला. पाठोपाठ १९४२ मध्ये मुंबई इलाख्याने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्तीला वेग आला. कळंब तेव्हा निजामाच्या राज्यात. सोलापूर इतके जवळ असूनही तो कायदा इथल्या शिवारांना लागू नव्हता. निजाम सरकारचे लक्ष मांजरेच्या खालच्या अंगाला होते. १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर उभा राहिला तो याच नदीवर. वरच्या, पावसाने दगा देणाऱ्या भागाकडे राज्यकर्त्यांनी केवळ खालच्या धरणाचा मागचा भाग म्हणून पाहायचे, ही सवय तेव्हापासूनची आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी ही सवय तशीच राहिली.

१९७२चा दुष्काळ हे खरे वळण. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावाच्या कामांवर लाखो माणसे गेली, १९७७च्या कायद्याने रोजगार हमी हक्क झाली आणि मृदसंधारणाला कायमचा मजूर व पैसा मिळाला. त्यातून पाझर तलाव उभे राहिले खरे, पण कामाची जागा ठरत होती ती मजूर कुठे आहेत यावरून. उतार, खडक आणि ओढ्याचा क्रम यांचा विचार नंतर. ही उणीव ओळखून राज्याने १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम हाती घेतला आणि सुटे बांध घालण्याऐवजी माथा ते पायथा हे सूत्र सरकारी भाषेत आले. त्याच सुमारास काही गावे निराळ्याच रस्त्याने चालली होती. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून पाण्याचा वाटा जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात ठरवला आणि भूमिहीनालाही हक्क दिला. राळेगणसिद्धीने १९७५ नंतर श्रमदानाला शिस्त लावली. हिवरे बाजारने पुढे पावसाळा संपला की गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस-केळी लावायची नाहीत, असा नियम स्वतःवर घालून घेतला. तिघांची नावे नेहमी एका दमात घेतली जातात. माझ्या मते त्यांच्यातला फरक जास्त बोलका आहे. साळुंख्यांचा प्रश्न वाटपाचा होता, राळेगणचा संघटनेचा आणि हिवरे बाजारचा मोजणीचा. पहिल्या प्रश्नाला महाराष्ट्राने नमस्कार करून बाजूला ठेवले, दुसऱ्याची नक्कल केली, तिसऱ्याकडे अलीकडे कुठे लक्ष जाऊ लागले आहे.

नव्वदच्या दशकात संस्थांचा टप्पा आला. फादर हर्मन बाकर यांच्या प्रयत्नांतून भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला, १९९३ मध्ये वॉटर ही संस्था निघाली आणि ‘नेट प्लॅनिंग’ ही पद्धत रुळली: प्रत्येक गटात, मालकाला सोबत घेऊन, त्याच्या जमिनीचा उतार, मातीची खोली आणि त्याची इच्छा पाहून काम ठरवायचे. केंद्रात हनुमंत राव समितीच्या १९९४च्या अहवालानंतर पाचशे हेक्टरचा सूक्ष्म पाणलोट आणि गावसमिती हे घटक देशभर ठरले. दुसऱ्या टोकाला माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९च्या अहवालात राज्य पंचवीस उपखोऱ्यांत मांडले. तिथे प्रश्न पाचशे हेक्टरांचा नव्हता, साऱ्या खोऱ्यात किती पाणी आहे आणि कुणी किती अडवावे हा होता. गावाच्या बाजूने विचार करणारे आणि खोऱ्याच्या बाजूने विचार करणारे हे दोन पंथ तेव्हापासून एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. एकाला धरणाची आवक दिसत नाही, दुसऱ्याला ओढा दिसत नाही. कळंबसारखा तालुका, जो स्वतः धरणाचा पाणलोट आहे आणि त्याच धरणाचा ग्राहकही, या भांडणाच्या बरोबर मधोमध येतो.

तिसरा पंथ जमिनीखाली पाहणाऱ्यांचा, आणि दख्खनच्या बेसाल्टवर त्याचे म्हणणे टाळता येत नाही. वर मुरूम, खाली मांजऱ्या (पोकळ्यांचा खडक), त्याखाली काळा पाषाण, मध्येच लाल मातीचा पातळ पट्टा, असे थरावर थर. पाणी राहते ते मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. भूजल मूल्यांकनाच्या निकषांप्रमाणे अशा खडकातून उपशाला मिळणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. याचा अर्थ असा की विहिरीतली पातळी पावसाळ्यात भराभर चढते, म्हणून काम यशस्वी झाल्यासारखे वाटते, आणि जानेवारीपर्यंत तितक्याच भराभर उतरते. शिवाय जमिनीखालचा जलधर वरच्या पाणलोटाची रेघ पाळतोच असे नाही. एका ओढ्यात मुरवलेले पाणी पलीकडच्या गावाच्या विहिरीला लागू शकते. पुण्याच्या ॲक्वाडॅमने, हिमांशू कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही गोष्ट वर्षानुवर्षे लावून धरली आहे. धुळे जिल्ह्यात सुरेश खानापूरकरांनी रुंद आणि खोल केलेल्या नाल्यांचा ‘शिरपूर पॅटर्न’ गाजला, तेव्हा खडकाचे भान न ठेवता त्याची सर्वत्र नक्कल करण्यावर आक्षेप आले तेही याच कारणाने. नाला किती खोल घ्यायचा हे जेसीबीच्या भाड्यावर ठरू नये, खालच्या थरावर ठरावे, इतकी साधी ती गोष्ट होती.

जलयुक्त शिवार अभियानात (२०१४–२०१९) या सगळ्या पंथांचे थोडे थोडे आले. पाण्याचा ताळेबंद हा शब्द प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर चढला, ही त्या अभियानाची कमाई मान्य करायला हवी. पण साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चानंतर महालेखापरीक्षकांच्या २०२०च्या अहवालाने गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर परिणाम फारसा झाला नाही, असा शेरा मारला. त्यावर राजकीय वाद झाला आणि होणारच होता. त्या वादात एक गोष्ट बाजूला पडली. गावाचा ताळेबंद करताना वाहून जाणाऱ्या पाण्याचा अंदाज बहुतेक ठिकाणी स्ट्रेंजच्या तक्त्यावरून घेतला जाई. हा तक्ता मुंबई इलाख्यातल्या डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनवलेला. पाणलोट चांगला, मध्यम की वाईट एवढे ठरवायचे आणि पावसासमोरचा आकडा उचलायचा. छोट्या तलावाच्या आखणीसाठी तो अजूनही उपयोगी आहे. पण पीकपद्धत, बांध, शेततळी, बोअर यांनी बदललेल्या शिवाराचा चालू वर्षाचा हिशोब त्यावरून काढणे म्हणजे आजोबांच्या मापाचा सदरा नातवाला घालणे. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीने माती, उतार, पीक आणि रोजचा पाऊस धरून ताळेबंदाची नवी रीत बसवून दिली. धाराशिवसह मराठवाड्याचे सर्व जिल्हे त्या प्रकल्पात होते. रीत सुधारली. तिला लागणारी शिवारातली मोजमापे मात्र त्या वेगाने वाढली नाहीत.

किती मोजले जाते ते पाहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्य दीड हजारांहून अधिक पाणलोटांत विभागले आहे. सरासरी एक पाणलोट दोनशे चौरस किलोमीटरचा. निरीक्षण विहिरी चार हजारांच्या आत, म्हणजे एका विहिरीच्या भरवशावर अंदाजे ऐंशी चौरस किलोमीटर. त्या वर्षातून चार वेळा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. मोजणी म्हणजे काय, तर कर्मचारी ठरलेल्या विहिरीच्या काठावर खूण केलेल्या जागेवरून टेप सोडतो, टेप कुठवर भिजली ते पाहतो, काठाची उंची वजा करतो, तारीख आणि आकडा नोंदवतो. पाच मिनिटांचे काम. ऑक्टोबरचा आकडा सांगतो किती भरले, मेचा सांगतो किती उपसले. मधल्या आकड्यांवरून उपसा कधी वाढला ते कळते. पावसाचेही तसेच. सकाळी साडेआठला मापकातले पाणी मोजायचे. पूर्वी मापक तालुक्याला एक असे. आता महावेध या हवामान प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळात आहेत. पण मंडळात डझनभर गावे असतात, आणि बालाघाटाच्या उतारावर पाऊस एका बांधावर पडतो, दुसऱ्यावर नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची नोंद झाली तरच मंडळात अतिवृष्टी धरतात आणि त्यावर नुकसानभरपाईचा विचार होतो. मापक ज्या गावात आहे तिथे ६० आणि चार कोसांवर ९० पडला, तर ९०वाल्यांचे सोयाबीन कागदोपत्री वाहून गेलेच नाही. मोजणी हा केवळ अभ्यासकांचा विषय नाही, हे कळायला एवढे एक उदाहरण पुरे.

आता गावाचे साधे गणित. हजार हेक्टरचे एक शिवार घ्या आणि सातशे मिलिमीटर पाऊस धरा. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर दहा घनमीटर पाणी देतो, म्हणजे शिवारावर पडले सत्तर लाख घनमीटर, सात दलघमी. अशा बत्तीस गावांवर पडणारा पाऊस मांजरा धरणाच्या एकूण क्षमतेएवढा भरतो. मराठवाड्यात पाणीच नाही, या बोलण्यात किती तथ्य आहे ते यावरून दिसते. त्यातले बहुतांश पाणी जमिनीतून आणि पिकांतून हवेत परत जाते, काही ओढ्याने निघून जाते. खडकात मुरते ते भूजल मूल्यांकनाच्या निकषांप्रमाणे सात ते तेरा टक्के, म्हणजे पाच ते नऊ लाख घनमीटर. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटर धरले तर पंचवीस ते पंचेचाळीस हेक्टर उसात गावाचे वर्षभराचे मुरलेले सारे पाणी संपते. यातले थोडे परत मुरते, ठिबकवर गरज बरीच कमी होते, हे सगळे वजाबाकीत धरूनही आकड्याचा रोख बदलत नाही. हजार हेक्टरांतल्या तीस-चाळीस हेक्टरांवर बाकीच्या साऱ्या शिवाराचे पिण्याचे आणि रब्बीचे पाणी अडकलेले असते. हा हिशोब गावाला पावसाळा संपता संपता दिसला, तर निदान भांडण वेळेवर होईल. आज ते भांडण मार्चमध्ये, विहीर अधिग्रहणाच्या नोटिशीवर आणि टँकरच्या रांगेत होते.

यावर आक्षेप येतात आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. पहिला नेहमीचा: मोजल्याने पाऊस पडत नाही. खरे आहे. २०१२ ते २०१५ या काळात पावसाने जे दिले नाही ते कुठलीही नोंदवही देऊ शकली नसती. पण त्या काळात धरणाखाली आणि धरणावर ऊस उभाच होता. कमी पावसाच्या वर्षी काय लावायचे नाही हे ठरवायला आकडा लागतो, आणि तो नसला की ठरवणारा सगळ्यात खोल बोअरवाला असतो. पुराचेही तेच. २०२१ला अठरा दरवाजे उघडले तेव्हा, किंवा २०२५च्या सप्टेंबरात जिल्ह्यातल्या नद्या पुन्हा काठ सोडून वाहिल्या तेव्हा, वरच्या ओढ्यांत पाणी किती वेगाने चढते आहे याची तासातासाची नोंद असती, तर खालच्या गावांना सामान हलवायला अधिक वेळ मिळाला असता.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आणि तो जास्त टोकदार आहे: आकडे दिले तर सरकार त्यांचा वापर आमच्याविरुद्ध करील. या भीतीला आधार आहे. पाणलोट अतिशोषित ठरला की नव्या विहिरींचे अनुदान अडते. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले होते. २००९च्या भूजल अधिनियमात साठ मीटरहून खोल विहीर ही खोल विहीर धरली आहे आणि सगळ्या विहिरींच्या नोंदणीची तरतूद आहे. शिक्षेची बाजू एवढी ठळक आणि मदतीची एवढी पुसट असेल तर माणूस आपला बोअर लपवणारच. पण २००९च्याच कायद्यात पाणलोटनिहाय जलसंपत्ती समित्यांची तरतूद आहे आणि त्यांना निर्णयात स्थान आहे. माहिती आधी गावात उघडी पडली, तिचा पहिला वापर गावाने स्वतःच्या पिकांचे ठरवण्यासाठी केला आणि मग ती वर गेली, तर तिचा दंडुका होण्याची शक्यता कमी होते. उलटा क्रम घेतला तर खोटे आकडे मिळतील, आणि ते न मोजण्याहून वाईट. दोनशे चौरस किलोमीटरच्या सरासरीवर एखाद्या निष्पाप गावाला अतिशोषित ठरवले जाण्याचा अन्याय टाळायचा तरीही उपाय बारीक मोजणी हाच आहे.

तिसरा आक्षेप धरणवाल्यांचा: वरच्या गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळे अडवले तर धनेगावला काय येणार? या प्रश्नाला पाणलोट चळवळीने दिलेले उत्तर आजवर भावनिक राहिले आहे. गावाने आपले पाणी अडवले तर चुकले काय, असे. चुकले काही नाही, पण लातूरचा नळही गावातच आहे, आणि निजामसागराखालचा तेलंगणातला शेतकरीही या नदीचाच. कमी पावसाच्या वर्षी वरच्या साठवणीचा आवकीवर परिणाम जास्त होतो, भरघोस वर्षी जवळपास होत नाही, असा तर्क आहे आणि तो पटण्याजोगा आहे. तर्काच्या पुढे जायचे तर वरच्या प्रत्येक ओढ्याचा विसर्ग, प्रत्येक तलावाची पातळी आणि धरणाची रोजची आवक एका तारखेखाली मांडावी लागेल. आज पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ कुठेच मोजल्या जात नाहीत. म्हणून वरच्यांना आणि खालच्यांना दोघांनाही आपलेच खरे वाटते. उपग्रह मोजतील, यंत्रे मोजतील, असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगता येईल की उपग्रहाला तलावाचा पृष्ठभाग दिसतो. गाळाने तो किती उथळ झाला आहे, हे काठी घेऊन आत उतरल्याशिवाय कळत नाही.

हे पुस्तक गाव, खोरे आणि खडक या तीनही पंथांच्या मध्ये उभे राहायचा प्रयत्न करते. गावाचा ताळेबंद ते पाणलोटाच्या रेघेत बसवते, ती रेघ खडकाच्या थरांशी ताडते आणि दोन्हींची बेरीज धरणाच्या आवकीपाशी नेऊन ठेवते. मापक कसा बसवावा, निरीक्षण विहीर कशी निवडावी, ओढ्यावर पट्टी कुठे रोवावी अशा अगदी हाताच्या कामांपासून ते हद्दीपलीकडच्या गावांशी माहिती कशी वाटून घ्यावी इथपर्यंत ते जाते. त्याच्या मर्यादाही उघड आहेत. पाण्याच्या गुणवत्तेला त्यात कमी जागा मिळाली आहे, आणि जातीचा व जमीनमालकीचा प्रश्न, म्हणजे विहीर कुणाच्या नावावर आणि हंडा कुणाच्या डोक्यावर हा प्रश्न, याहून सविस्तर यायला हवा होता. साळुंख्यांनी जो मुद्दा पन्नास वर्षांपूर्वी काढला त्याला आजही नकाशात रंग नाही. ताळेबंद कितीही अचूक असो, भूमिहीनाचा वाटा त्यात कोणत्या रकान्यात लिहायचा हे ग्रामसभेलाच ठरवावे लागेल.

वाचकांना, विशेषतः कळंब, वाशी, केज आणि पाटोदा तालुक्यांतल्या वाचकांना, एक विनंती. या पुस्तकातले नकाशे आपल्या शिवाराशी ताडून पाहावेत. माथ्याची रेघ जिथे चुकली असेल, ओढा जिथे भलतीकडे वळवलेला दिसेल, तिथे पेन्सिलने दुरुस्त करावे. ती दुरुस्ती आणि आपल्या विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतची ऑक्टोबरमधली खोली हे दोन्ही येत्या ग्रामसभेत वाचून दाखवावे, आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावे.